सवतीच्या पोटातलं एरंडेल

बायकांना सवत असते ती दोन पायांची. माझी चार चाकांची होती. काळी, म्हातारी, विलायती, बेडकासारखे डोळे वटारून उभी. शेलूबाजारात कापसाचा व्यापार करणाऱ्या मालकाची ती गाडी, आणि आमचे हे तिचे ड्रायव्हर. ड्रायव्हर कसले, सेवेकरी! स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती. सडकेवरून सर्व्हिस मोटार जायची ती सोडली तर गावात मोटार अशी ही एकच. त्यामुळे बाईसाहेबांचा तोरा काय विचारता!

सकाळी उठले की हे चहाच्या आधी तिला पुसायला जायचे. मी कोणतं लुगडं नेसले हे त्यांना शपथेवर विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. तिच्या मडगार्डवर कुठे ओरखडा आहे ते मात्र झोपेत सांगितलं असतं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी पोळा झाला आणि थोड्याच दिवसांत गाडीचं दुखणं सुरू झालं. इंजिनात तेल किती जोराने फिरतं ते दाखवणारा एक काटा आत असतो. निघताना तो नीट उभा असायचा, पण कारंज्याच्या वाटेवर थोडं अंतर गेलं की लोळायला लागायचा. मग इंजिनातून ठक ठक ठक असा आवाज. थांबून गार झाली की पुन्हा सगळं ठीक. ह्यांनी तेलाची पट्टी काढून बघितली, तर तेल भरपूर, खुणेच्या थोडं वरच. अकोल्याहून दुसरा काटा आणून बसवला, तोही लोळला. म्हणजे दोष काट्याचा नव्हता.

नेमकं ह्याच दिवसांत मला ह्यांना काही सांगायचं होतं. मला दिवस गेले होते. आसेगावला सासूबाईंना कळण्याआधी, माझ्या आईला कळण्याआधी, ते पहिल्यांदा ह्यांच्या कानावर घालायचं असं मी ठरवलं होतं. पण कान मोकळा असेल तर ना!

एका सकाळी चूल पेटवायला बसले तर फुंकणी गायब. ती माझी आंदणातली, कामरगावच्या लोहाराने घडवलेली लोखंडी नळी. धुराने डोळे चोळत मालकाच्या शेडात गेले, तर आमचे धनी बॉनेट उघडून वाकलेले. माझ्या फुंकणीचं एक टोक घरघरणाऱ्या इंजिनावर, दुसरं ह्यांच्या कानाला. डोळे मिटलेले. एवढ्या मायेने ह्या माणसाने माझं एक वाक्य ऐकलं नव्हतं हो.

"अवो, मले काही सांगाचं हाये," मी म्हटलं.

हात वर करून हे म्हणाले, "थांब, आयकू दे."

मी तणतणत घरी आले आणि फुंकणीवाचून, गालफडं दुखेपर्यंत फुंकून, चूल पेटवली. पुढे रोजचंच झालं. आवाज वरून येतो की खालून, ठणठणीत आहे की बद्द, ह्याची चर्चा जेवताना एकटेच करायचे. मी तोंड उघडलं की तेच: थांब, आयकू दे. जणू त्यांच्या डोक्यातही इंजिन चालू होतं.

मालक तोवर कंटाळले होते. बेअरिंगं गेली, असं त्यांनी धरूनच ठेवलं. "दसऱ्यापर्यंत आवाज बंद नाही झाला तर अकोल्याचा ड्रायव्हर बोलावतो. तो गाडी घेऊन जाईल, इंजिन खोलून आणील आणि पुढे तोच चालवील," असं त्यांनी तोंडावर सांगितलं. हे घरी येऊन भिंतीला टेकून बसले आणि जेवलेच नाहीत. मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला! जाऊ दे तिला अकोल्याला, जिथं मरायचं तिथं मरू दे. आम्ही आसेगावला जाऊ, दिरांबरोबर शेती करू. निदान बैलाच्या पोटाला फुंकणी लावून तर कोणी बसत नाही.

आणि तशात तो सदऱ्याचा प्रकार झाला.

धुवायला घेतलेल्या सदऱ्याच्या बाहीला वास आला. मी नाकाशी नेली. एरंडेल! माझं डोकं फिरलं. मालकांकडे दळणकांडणाला एक बाई यायची. एरंडेल चोपून चोपून तिने केस कमरेपर्यंत वाढवले होते आणि ते मिरवायचीही फार. गाडीची सवत परवडली, असं वाटलं मला. दुपारी हे जेवायला आले, तर ताट वाढायच्या आधी मी सदरा त्यांच्या अंगावर फेकला.

"कोनाच्या केसाचं तेल हाये हे?"

"कोनाचे केस? गाडीचं तेल हाये ते. पट्टी पुसली म्या बाहीले."

"मले येडी समजता का? गाडीच्या तेलाले एरंडेलाचा वास कवापासून येऊन राह्यला?"

हे काहीतरी ओरडणार होते. पण थांबले. बाही नाकाशी नेली. पुन्हा नेली. आणि जेवण तसंच टाकून, चपलाही न घालता पळत सुटले. मी मागून ओरडत राहिले, "पळा, पळा तिच्याकडंच!"

गेले होते ते गाडीकडेच. इंजिनाच्या खालचं तेलाचं ताट काढलं, तर तेल ओढून घेणाऱ्या जाळीवर गोंदासारखा लगदा बसलेला. गाडी धावली की तो लगदा जाळीला घट्ट चिकटे, वर तेल जाईना, काटा लोळे. गाडी थांबली की लगदा सुटे. एरंडेल गाडीच्या तेलात मिसळत नाही, त्याचाच तो गोंद झालेला. आता ते आलं कुठून? मालकांचे म्हातारे वडील ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. ते छाती काढून म्हणाले, "म्या टाकलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकले, दमणीच्या चाकाले एरंडेल देल्लं. मंग हे गाडी काय सावत्र हाये का? तिच्याबी तोंडात वतलं तांब्याभर."

ह्यांनी सगळं घासलेटने धुतलं, नवं तेल भरलं, कारंज्यापर्यंत जाऊन आले. काटा हलला नाही, आवाज गेला. मालकांनी पाठीवर हात ठेवला आणि अकोल्याच्या ड्रायव्हरचं नावही पुन्हा काढलं नाही. म्हणजे बघा, जिच्या मरणावर टपले होते त्या सवतीला माझ्याच नाकाने वाचवलं! असा संताप आला म्हणता.

हे हसत घरी आले. "काय वं तुझं नाक!" म्हणाले आणि लागले काट्याचं कौतुक सांगायला. मग माझा बांध फुटला.

"गाडीचं पोट बरं झालं असंन तं माह्या पोटाकडं पाहा! महिनाभर सांगून राह्यली, दोघं हावो आमी आता, दोघं!"

हे उभेच राहिले. मग चुलीपाशी गेले आणि फुंकणी उचलली.

"आता कायले? झाली ना तुमची गाडी चांगली?" मी रडत रडत ओरडले.

त्यांनी फुंकणी धोतराच्या सोग्याला पुसली, एक टोक माझ्या पोटावर हलकेच टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. इतक्या लवकर काय ऐकू येणार, डोंबल! माझ्याच उपाशी पोटाची गुरगुर ऐकली असेल.

"काय आयकू येते?" मी विचारलं.

"थांब, आयकू दे."

ऐकत होते तेही माझं नाहीच, आतल्याचं. वाटलं, ही आणखी एक सवत आली. पण त्या दिवशी मात्र मी थांबले.