भिंतीवरचे डबे

आमची कंपनी इंटरनेटची यंत्रं बनवायची. स्विच, राउटर, आणि लोक ज्याला सरसकट ‘तो डबा’ म्हणतात असं बरंच काही. मोठ्या शहरांत विकून झाल्यावर साहेबांना लहान गावांच्या बाजारपेठा खुणावू लागल्या. धोरण ठरलं: गावात स्वतःचं दुकान थाटायचं नाही; तिथल्या केबलवाल्याच्या धंद्यात पैसे घालायचे, त्याला यंत्रं द्यायची आणि त्याच्या ओळखीवर गावात शिरायचं. पहिला तालुका मावळ. मी लोणावळ्याची, म्हणून हे काम माझ्या वाट्याला आलं, आणि मी हवेत तरंगायला लागले.

केबलवाले म्हणजे वडगावचे चाचा. तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. साठीला टेकलेले, पण शिडीवर असे चढायचे की मी खाली उभी राहून देवाचं नाव घ्यायची. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर ती शिडी आडवी धरून मी निम्मा मावळ पाहिला. घराघरातून हाक यायची, “चाचा, च्या घेऊन जावा!” नाही म्हटलं की माणसं रुसायची, म्हणून दिवसाला सहा-सात चहा व्हायचे. पुढे मी काचेच्या इमारतींत पुष्कळ वर्षं काढली, पण कामावर जाताना इतकी खूश मी पुन्हा कधीच नव्हते.

वराळ्याकडे तेव्हा नव्या इमारती उठत होत्या. तिथपर्यंत फायबर नेलं तर चाचांचा धंदा टिकणार होता. नाही नेलं तर एखादी मोठी कंपनी येऊन त्यांना गिळणार, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. “ताई, एवढं एक झालं की मी सुटलो,” असं ते म्हणायचे.

कंपनीची अट एकच होती, फुकट कनेक्शन चालणार नाही. चाचांच्या वहीत मात्र काही घरांपुढचा रकाना कोराच होता. विचारलं तर म्हणाले, “ती आपली डब्याची घरं हायेत.” मी पुढे काही विचारलं नाही. अहवालात ‘गळती’ असा शब्द लिहिला, आणि तो सुचला म्हणून स्वतःवरच खूश झाले. साहेबांचा निरोप आला, बंद करा.

“ताई, त्या घरांना हात नका लावू. डबा त्यांच्या भिंतीला हाय,” चाचा म्हणाले.

“डब्यांचं काय एवढं? कंपनी नवे देईल. धोरण आहे, चाचा.”

तो स्वर आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. चाचांनी पक्कड उचलली, आणि त्या दिवशी आम्ही स्कूटरऐवजी कंपनीच्या गाडीतून निघालो.

आठवड्याने साहेब पुण्याहून पाहणीला आले, आणि नेमकं त्याच दिवशी वराळ्याच्या वाटेवरचं सगळं नेट बसलं. शोधत शोधत आम्ही एका शेतकऱ्याच्या घरी पोचलो. ओट्यावर एक मावशी तांदूळ निवडत होत्या. पुढच्या सगळ्या घरांना नेट पोचवणारा भिंतीवरचा डबा बंद.

“म्याच पिन काढली,” त्या म्हणाल्या. “मीटर माझा. तुमचं नेट न्हाई, तर माझी लाईट कशापायी जाळू?” रागाचा लवलेश नाही. उलट साहेबांना पाणी दिलं.

लोणावळ्याच्या आमच्या घरी, गॅलरीत असाच डबा होता. दिवसभर घुंई करायचा, आमची वीज खायचा, आणि वडिलांनी केबलवाल्याला कधी एक पैसा दिला नव्हता. वीज घरवाल्याची, कनेक्शन केबलवाल्याचं; कुणी कुणाला कागद मागितला नाही. त्यावर वाढलेली मी शिकूनसवरून त्याला गळती म्हणाले होते.

वडगाव स्टेशनसमोर चहा पिताना साहेबांनी विचारलं, “काय वाटतं?” ‘ते फुकट नाही, डब्याची वीज त्यांची आहे’ एवढं एक वाक्य पुरे होतं. पण मी ते वाक्य बोलले असते तर चूक माझी निघाली असती. मी म्हणाले, “इथली बाजारपेठ अजून तयार नाही.” साहेबांना ते फार आवडलं. कंपनीने पैसे दुसऱ्या जिल्ह्याकडे वळवले.

चाचांनी घरोघरी जाऊन तोडलेल्या वायरी पुन्हा जोडल्या. पण वराळ्याला पुढच्याच वर्षी मोठ्या कंपनीचं फायबर आलं. आता चाचा खंडाळ्याच्या बंगल्यांवर कॅमेरे बसवतात, दुसऱ्याच्या हाताखाली.

मागच्या महिन्यात मी मावशींच्या घरी गेले. डबा केव्हाच गेलाय. त्यांनी ओळखलं, चहा टाकला. बोलता बोलता म्हणाल्या, “चाचा वायर जोडाया आलता तवा म्हनला, मावशी, माझीच मती फिरली व्हती, माफी कर.”

माझ्याने राहवेना. “मावशी, ते चाचांचं नव्हतं. मी सांगितलं होतं तोडायला.”

“ठावं हाय मला.” त्या चहा गाळत राहिल्या. “त्यो वायर तोडत व्हता तवा तू गाडीत काच वर करून बसली व्हतीस. म्या इचारलं, ही पोर कोन रं? तर म्हनला, माझ्या भाचीवानी हाय, लय हुशार हाय.”