सारख्या उंचीच्या दोन दोऱ्या

उमिहाना नऊ वर्षांची असताना माळ्यावर लोकर विंचरत बसली होती, आणि खाली तिचा बाप सल्को आणि काका दर्विश कडाकडा भांडत होते.

"सुलतानाने सही केलीय, दर्विश. व्हिएन्नाच्या कैसरचं सैन्य येणार, नदीपलीकडे राहणार. आपलं सैन्य अलीकडे. कुणी कुणाला हात लावायचा नाही."

"पाहुणा कधी तोफ घेऊन येतो का रे? खिंडीपलीकडचं अख्खं बोस्निया गेल्या साली गिळलं, आता आपलं प्लेव्ल्या तोंडी लावायला. मी गाडी भरतोय. इस्तंबूलला जातो."

"जा. राजे येतात, राजे जातात. शर्ट मात्र सगळ्यांचे मळतात, आणि मी साबण करतो."

"मग धू त्यांचे शर्ट. तू धू, आणि तुझी पोरगीही धुवेल."

काका गेला तो गेलाच. त्याचे शब्द मात्र गावात राहिले. बारा वर्षांची झाली तेव्हा उमिहानाच्या हातात धोपाटणं होतं, आणि ब्रेझनित्सा नदीच्या गार पाण्यात ती कैसरचे शर्ट बडवत होती. दुसऱ्या गाठोड्यात सुलतानाचे. मळ दोघांचा एकाच जातीचा. कॉलरच्या आत शिक्का तेवढा वेगळा.

एकोणतीस वर्षं दोन बादशहांची सैन्यं एका गावात मांडीला मांडी लावून बसली. लढत नव्हती, नुसती एकमेकांकडे बघत होती. यांनी बिगूल वाजवलं की त्यांनी वाजवायचं. त्यांनी बराकीला चुना लावला की यांनीही लावायचा. तिकडे व्हिएन्नात नि इस्तंबुलात म्हणे फार मोठ्या गोष्टी ठरत; इथे त्या उमिहानाच्या अंगणात येऊन ठरत.

एकदा सुलतानाचा हवालदार शाकिर अंगणात येऊन उभा राहिला. "उमिहाना, हे काय? कैसरचे शर्ट वरच्या दोरीवर आणि आमचे खाली? त्यांचं पाणी आमच्यावर ठिबकतंय."

"पाणीच आहे, शाकिर. विष नाही."

"आमच्या साहेबांनी खिडकीतून बघितलंय. बदल."

तिने बदललं. दुपारी कैसरचा हवालदार हिनेक आला. भल्यामोठ्या मिशांचा, मनाने साधा माणूस. "मावशी, आमच्या कर्नलसाहेबांनी बघितलंय."

"तुमच्या साहेबांना खिडकीशिवाय काही काम आहे की नाही?"

शेवटी दोन्ही हवालदार काठी घेऊन आले, मोजून खांब ठोकले आणि दोन दोऱ्या अगदी सारख्या उंचीवर बांधल्या. वाऱ्याने मात्र कुणाचंच ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाह्या एकमेकांच्या गळ्यात. त्या सोडवता सोडवता उमिहाना हसली. तेव्हा तिला हसू येत असे.

मग नवऱ्याला, हामिदला, सुलतानाने लढायला येमेनला नेलं. येमेन कुठे आहे ते तिला कधीच नीट कळलं नाही. तिथून माणसाचा शर्टसुद्धा परत येत नाही, एवढं कळलं. मागे मुलगा मुशान राहिला, तीन वर्षांचा. त्याच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, "शिक्क्याचा शर्ट तुझ्या अंगावर चढू देणार नाही. ना यांचा, ना त्यांचा." पुढे जन्मभर तिने ही एकच गोष्ट धरून ठेवली.

सैन्याचं काय चाललंय हे वर्तमानपत्राआधी धोब्याला कळतं. उन्हाळ्यात लोकरी कपडे धुवायला आले की समजावं, डोंगर चढायचा बेत आहे. रिकामी पोती मागितली की समजावं, निघणार. मुशान अठराचा झाला त्या शरद ऋतूत हिनेक धापा टाकत आला.

"मावशी, सगळे शर्ट परत दे. आत्ता."

"ओले आहेत."

"ओलेच दे."

"ओल्या अंगाने कुठे निघालात?"

"घरी," हिनेक म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. गाठोडं उचलून तो म्हणाला, "तुझ्यासारखा कॉलरचा मळ कुणी काढत नाही."

तिचा विश्वास बसला नाही. घरी जाणारा माणूस शर्ट वाळू देतो. ओले नेतो तो लढायला. म्हणजे दोघांची जुंपणार, आणि सुलतानाची माणसं उद्याच दारोदार पोरं गोळा करत फिरणार. त्याच दिवशी तिने मुशानच्या पाठीवर भाकरी नि चीज बांधलं आणि त्याला मेतालकाची खिंड ओलांडून चायनिचेला, बोस्नियात, आपल्या बहिणीकडे, रबियाकडे धाडलं.

"तिथे कैसर आहे ना आई," मुशान म्हणाला.

"असू दे. तू सुलतानाचा माणूस. परक्याच्या पोराला तो हात लावणार नाही. आणि सुलतानाचा हात खिंडीपलीकडे पोचत नाही. दोघांच्या मधे राहा."

हिशेब चोख होता. चुकला एवढंच, की हिनेक खरं बोलला होता. कैसरने त्याच आठवड्यात प्लेव्ल्या सोडलं, आणि त्या बदल्यात बोस्निया कायमचं आपल्या नावावर करून टाकलं. दोघांच्या मधे म्हणून जागाच उरली नाही.

मुशान परतायचं म्हणाला, तर तिनेच निरोप धाडला, येऊ नकोस, इथे पोरं नेताहेत. चार वर्षं ती हाच निरोप धाडत राहिली. दरम्यान मुशान लाकडाच्या गिरणीत लागला, तिथल्याच एका मुलीशी त्याने लग्न केलं, आणि लग्नासाठी कचेरीत नाव लिहावं लागलं. लिहिलं ते कैसरची प्रजा म्हणून. मग शेजारच्या राजांशी सुलतानाची लढाई झाली, गावची पोरं गेली, परतली नाहीत, आणि सुलतानही गेला. त्याच्या बराकीत मोंटेनेग्रोच्या राजाचे लोक येऊन राहिले. उमिहाना पाणवठ्यावर म्हणायची, "माझा मुशान सुखरूप आहे." शेजारणी आपापली धुणी उचलून निघायच्या. आपलं चुकतंय हे तिला कळायचं, पण जीभ राहायची नाही.

सन एकोणीसशे चौदाच्या उन्हाळ्यात मुशानचं पत्र आलं. इमामांनी वाचलं. आई, कैसरने बोलावलंय. शर्ट मिळाला, कॉलर टोचते.

उमिहानाने पत्र परत मागितलं, घडी केली, छातीशी ठेवलं. "इमामसाहेब, तुम्ही नीट वाचलंत ना?"

"नीट वाचलं, बाई."

राजाची कैसरशी लढाई जुंपली, आणि ऑगस्टात राजाचा हवालदार वुकोटा लोकरी शर्टांची चार गाठोडी टाकून गेला. गुरुवारपर्यंत धुऊन हवेत, म्हणाला. ऑगस्टात लोकर. म्हणजे खिंड. म्हणजे चायनिचे. तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

शेजारीण झुम्रा कुंपणावरून म्हणाली, "धुण्यात राख जास्त घाल. कापड कुजेल, अंगावर फाटेल मेल्यांच्या."

"उघडा माणूस गोळ्या कमी झाडतो का गं?"

"तुझ्या पोरावर जाताहेत ते."

"माहीत आहे." उमिहानाने राखेचं पाणी बोटाने चाखलं. नेहमीइतकंच जळजळत होतं. "राखेला नको सांगू. मुशानला सांगायची वेळ होती तेव्हा मीच चुकीचं सांगितलं."

तीन दिवस तिने शर्ट बडवले. दोन्ही दोऱ्यांवर आता एकाच राजाचे वाळत होते. उंचीवरून भांडायला कुणी आलं नाही. सहा शर्टांना बटणं नव्हती. तिने ती लावली, दोरा दुहेरी घेऊन.

गुरुवारी सकाळी ती गाठोडी गाढवावर लादून बराकीत गेली. बहुतेक पोरं मुशानएवढीच, काही लहान. वुकोटाने शर्ट मोजून घेतले, एक कॉलर उलटून बघितली.

"छान स्वच्छ काढलीयस, मावशी. पलीकडे तुझं कुणी आहे का?"

"मुलगा आहे."

वुकोटाने कॉलर परत घडी करून ठेवली.

"गाठोड्यांची फडकी परत दे," उमिहाना म्हणाली. "माझी आहेत ती."

त्याने चारही फडकी दिली. तिने ती झटकली, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी केली, गाढवाच्या पाठीवर टाकली, आणि निघाली.