दुसरा पासवर्ड

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपुढंही नाही. आणि आता तुमच्यापुढं बोलायला बसलोय तर — कुठून धरावं तेच कळत नाही.

विट्याला घराच्या पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. नव्वदीची अखेर. दादा गलाईवाला — दूर तामिळनाडूत सोनं गाळायचं दुकान. वर्षातून एकदा, जत्रेला घरी. मागं अर्धांगानं पडलेली आई. तिचं सगळं वहिनीच करायची. मी कसला करतोय!

एका दुपारी वहिनी म्हणाली, "भावजी, डोक्यात नुसता कालवा चाललेला असतोय. कुणाला सांगावं, तर गावभर व्हतंय." मग मी तिच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. मनातलं टाइप करायचं. तिच्या पासवर्डशिवाय ते उघडणार नाही. "मलासुद्धा दिसणार नाही," मी म्हणालो. छाती फुगवून म्हणालो.

दुसरा पासवर्ड मी माझ्यासाठी ठेवला होता. का? प्रोग्राम बिघडला तर, अशी स्वतःची समजूत घातली. पण बिघडला कुठं होता?

क्लास सुटला की वहिनी एकेक अक्षर शोधत, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. उठताना चेहरा जरा हलका झालेला असायचा. ते मला दिसत होतं — आणि तरी मी वाचत होतो. एकदा तिनं लिहिलं: यंदा जत्रेला हे आले की म्हणणार, मला बरोबर न्या. आत्याबाईंना बघायला बाई ठेवू. एकटीला आता राहवत नाही.

मला पुण्यात नोकरी मिळत होती. वहिनी गेली तर आईपाशी कोण? मीच की! दुसऱ्याच दिवशी एसटीडी बूथवरून दादाला फोन केला. ती विचारेल, तू नाही म्हण.

जत्रेला दादा आला. चहाचा कप घेता घेताच म्हणाला, "आईला सोडून तिकडं यायचं डोक्यात बी आणू नगंस." वहिनीनं अजून तोंडही उघडलं नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलं — आणि मी चपला शोधायला लागलो.

दादा गेल्यावर ती पुन्हा लिहायला बसली. मला हायसं वाटलं. कळलेलं नाही हिला. संध्याकाळी उघडून बघितलं. एकच ओळ होती: भावजी, आत्याबाईंचं औषध संपलंय, बाजारातून येताना आणा.

मी आणलं. बाटली हातात घेत ती म्हणाली, "बरं झालं आणलंसा." आणि आत गेली.

त्यानंतर ती कॉम्प्युटरपाशी बसली नाही. मन मोकळं करायला तिला तेवढी एकच जागा होती, आणि ती मी नासवली. जूनमध्ये मी पुण्याला गेलो. वहिनी विट्यातच राहिली — माझ्या आईपाशी.