पहिल्या मजल्यावरची शोकसभा

डॉ. इनास गेल्याचं मला पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कळलं. टँकर उशिरा येणार ही सूचना आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक यांच्या मध्ये. खाली जोडलेल्या हातांची रांग. माझ्या धाकट्या बहिणीने, सुजाताने, फोन उलटा करून ठेवला. मग म्हणाली, "दादा, आता माझं खरं कोण मानणार?"

न मानणाऱ्यांत पहिला मीच होतो. बारा वर्षांपूर्वी तिच्या पायांना मुंग्या येत, एक डोळा धुरकट होई, एखाद्या दुपारी जिना चढताना पायच उचलत नसे. आणि काही दिवसांनी बाई ठणठणीत. तीन डॉक्टरांनी टेन्शन सांगितलं, मी नोकरीचा कंटाळा. चौथे इनास. मूळचे जवळच्याच डोंगरी गावचे, परदेशात मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारांचं शिकून आलेले, आणि तरीही आमच्याकडच्या हाटकेश भागात वेल्डिंगच्या गाळ्यांशेजारी, मुद्दाम तळमजल्यावर दवाखाना थाटलेले. पेशंट रिक्षातून उतरला की हे स्वतः फाटकाशी उभे राहून त्याचं चालणं बघत. सुजाताचं बघून झाल्यावर मला म्हणाले, "ही नाटक करीत न्हाय. नाटक तुम्ही करताय, ऐकून घेतल्याचं."

पुढे एमआरआय झाला, आजाराला नाव मिळालं : मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची संरक्षक यंत्रणाच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते... आणि बाहेरून अनेकदा काहीच दिसत नाही. ते न दिसणारं टिपणं, हेच डॉक्टरांचं संशोधन. थकवा म्हणजे नेमकं काय, हे ते पेशंटच्याच शब्दांत लिहून घेत. सुजाताचं "ओली गोधडी पांघरून चालल्यासारखं" हे वाक्य त्यांनी एका परिषदेत वाचून दाखवलं होतं.

"किती जण होते?" मी त्यांना विचारलं.

"सात. बाकीच्यांची जेवणाची वेळ हाय ना ती. पण सातांतल्या एकानं लिहून घेतलं."

या आजारासाठी आठवड्यातून एक दिवस वेगळी ओपीडी द्या, हा त्यांचा अर्ज एका मोठ्या रुग्णालयाने दोनदा परत केला होता. परवाची शोकसभा त्याच रुग्णालयाने घेतली. पहिल्या मजल्यावर. लिफ्ट बंद. जिन्याच्या पायथ्याशी डॉक्टरांचे नऊ-दहा पेशंट प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले. सुजाताने चार ओळी लिहून आणल्या होत्या, आणि त्या तिला स्वतः वाचायच्या होत्या.

बिल्ला लावलेला कार्यकर्ता तिला म्हणाला, "मॅडम, थोडा ट्राय करो ना. दिखने में तो एकदम ठीक हो."

"भैया, वही तो बीमारी है."

मी म्हटलं, माईक खाली आणा. "वायर नहीं पहुँचेगी, सर."

एवढ्यात पेशंटच्या नातेवाइकांतर्फे बोलायला वरून माझं नाव पुकारलं. तिने कागदाची घडी पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "जा." मी गेलो. माझ्या आधी एक विश्वस्त सांगत होते की डॉक्टरांनी असंख्य पायांत बळ भरलं. पाय खाली होते. मला ते बोलायला हवं होतं. पण पहिल्या रांगेतल्या माणसांकडे पाहून मी डॉक्टरांच्या साधेपणावर, ऐकून घेण्याच्या गुणावर छान बोललो. खाली बसलेल्यांबद्दल अवाक्षर नाही. टाळ्याही पडल्या, शोकसभेत.

खाली आलो तेव्हा सुजाता म्हणाली, "टाळ्या ऐकू आल्या रे. काय बोललास?"

"डॉक्टर सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, असं."

तिने पर्स खांद्याला लावली. उठताना ती नेहमी माझा दंड धरते. त्या दिवशी तिने जिन्याचा कठडा धरला.