आईच्या भाषेतले दुखणे

त्या शरदात माझी प्रार्थना कोरडी पडली होती. बंगालात, न्यू टाउनमधल्या आमच्या घरात आई अंथरुणाला खिळली होती. आजारावर उपचार उरला नव्हता, दुखणे शमवणे तेवढे हाती होते, आणि तेही साधत नव्हते. ऑफिसातून परतले की चादरीचा कोपरा तिच्या मुठीत पिळलेला दिसे. देवघरातल्या अंबाबाईपुढे समई लावताना वाटे, हिला ऐकूच येत नसावे.

दुपारी शेजारच्या बौदी, म्हणजे वहिनी, आईजवळ बसत आणि शिखादी येत. वेदनाशमनाचेच काम करणाऱ्या त्या परिचारिका, कापसाच्या पावलांच्या. मॉर्फिनच्या ठरल्या गोळ्या देत, पोट साफ राहण्याचे औषध देत. मधेच दुखणे उसळले तर द्यायचा जादा डोस मात्र तसाच पडून राही. मी फोन केला की त्या हळुवार बंगालीत म्हणत, "दीदी, माशीमा तर रोज नको म्हणतात. त्यांनी सांगितल्याशिवाय कसा देऊ?" आईला विचारावे, तर संध्याकाळी तिच्यात बोलायचे त्राणच नसे.

एकदा मी चिडून देवीला म्हणाले, "तुला दिसत नसेल, तर निदान मला तरी दाखव."

दुसऱ्या दिवशी मला ताप भरला. दुपारभर शेजारच्या खोलीत पडून होते. दूर कुठे पूजेच्या ढाकाचा, त्या मोठ्या ढोलाचा, सराव चालला होता, शिखादींनी वाटीत आणून ठेवलेल्या शिउलीच्या फुलांचा गंध पाण्यासारखा दारातून आत येत होता. जागेपणाचा काठ सुटत चालला होता आणि त्या धुक्यातून दोन आवाज तरंगत आले.

"माशीमा, कोष्टो होच्छे?"

"छे गं, मला कसले कष्ट? पडून तर असते. कष्ट सगळे तुला."

"बॅथा?"

"व्यथा कशाची, बाळ? लेक जवळ आहे. अंबाबाईनं सगळं दिलं."

आणि औषधाच्या डब्याचे झाकण मिटले.

बंगालीतला ओकार पुसला की खाली मराठीच उरते, असा आईचा लाडका समज होता. तिकडे कष्ट म्हणजे यातना आणि व्यथा म्हणजे अंगाचे दुखणे, हे तिच्या गावीही नव्हते. मला दोन्ही भाषा येत होत्या. पण त्या वेळी मी कधी घरात नसे. भिंत धरत मी तिच्या उशाशी गेले.

"आई, दुखतंय का?"

तिचे डोळे भरून आले. "खूप गं. कुणी विचारलंच नाही."

शिखादींना काहीच समजावून सांगावे लागले नाही. आईचा चेहरा पुरला. त्यांनी जादा डोस दिला, डॉक्टरांना फोन लावला, आणि त्यांच्या सांगण्यावरून पुढे रोजची मात्राही वाढली. चादरीवरची मूठ पाकळीसारखी उलगडताना मी पाहिली.

मग शिखादी तो शब्द शिकल्या. "माशीमा, दुखतोय का?"

"दुखतोय नाही गं, दुखतंय! दुखणं काय पुरुष आहे?" आई हसली. कितीतरी दिवसांनी.

दुखण्याने तुटलेला तिचा जप परतला. दिवाळीच्या आधी, फुले ओंजळीत धरून, ती शांतपणे गेली. त्या फुलांना शिखादी शिउली म्हणत, आई प्राजक्त. त्यावरून मात्र दोघींत कधी गोंधळ झाला नाही.

तो ताप कुणी धाडला, हे मी कुणाला पटवायला जात नाही. माझ्यापुरता तो प्रसाद होता. शरण जाणे म्हणजे निमूट सोसणे, असे मी मानत आले होते. आता समई लावते तेव्हा काही मागत नाही. देवीपुढे बसते आणि जिथे दुखते तिथले, आईच्या भाषेत, सांगून टाकते.