जड गॅस वर कसा जाईल

थर्मासचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. दूधवाल्यांची आणि आइसक्रीमवाल्यांची दुकानं उघडायच्या आत त्यांचे बिघडलेले फ्रीज चालू करून द्यावे लागत. माल नासला की शिव्या मेकॅनिकला.

थर्मास हे त्याचं नाव नव्हे. बाहेरून हात लावून आत किती तापलंय ते कळत नाही, म्हणून वर्कशॉपमध्ये कुणीतरी ते ठेवलं आणि चिकटलं. मी त्याला दादा म्हणायचो. त्याच्या हाताखाली काम शिकलो आणि त्याच्या शेजारीच म्हातारा झालो.

कॉम्प्रेसर तो एकटा खांद्यावर घेऊन जिने चढायचा. वजन वाटून घेतलं की दोघंही अर्धवट धरतात, असं त्याचं म्हणणं. जोड दिला की आधी साबणाचा फेस लावून बघायचा आणि मग दिवा लावायचा. गळती शोधायचा हा दिवा आमच्या धंद्यात सगळ्यांकडे असे. त्याला एक रबरी नळी असते. गॅस गळत असेल तर नळीतून ओढला जातो आणि निळी ज्योत हिरवी होते. नळी जोडाच्या खालच्या अंगाला धरायची, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, खाली उतरतो. आणि शोधायच्या आधी पंखा बंद करायचा, नाहीतर ज्योत कुठेही हिरवी होते आणि गळती सापडत नाही. या दोन्ही गोष्टी दादाने मला पहिल्याच दिवशी शिकवल्या.

दुरुस्तीला आलेल्या फ्रीजमधला जुना गॅस आम्ही सोडून द्यायचो. नळी कापली, फुस्स झालं, संपलं. वास नाही, जाळ नाही, कुणाला त्रास नाही. दादा त्याला सज्जन गॅस म्हणायचा.

त्याला एकच मुलगी. तिच्या शिक्षणासाठी त्याने सुट्टीच्या दिवसांचीही कामं घेतली. पोरगी हुशार निघाली, हवेचा अभ्यास करायला विद्यापीठात गेली. हवेचा कसला अभ्यास करतात, असं लोक विचारायचे. दादा म्हणायचा, मी गार करतो, ती मोजते.

मग वर्तमानपत्रांत ओझोनचं यायला लागलं. आभाळात फार उंचावर ओझोनचा थर आहे, तो उन्हातले वाईट किरण अडवतो, आणि फ्रीजचा गॅस तिथे जाऊन तो खातो, असं शास्त्रज्ञ म्हणत होते. उलट बाजूचेही लिहीत होते. कुणी ज्वालामुखीला दोष द्यायचं, कुणी समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला. नवा महाग गॅस खपवायचा हा डाव आहे, असंही कुणी म्हणायचं. आमचं वर्कशॉप या शेवटच्या बाजूचं होतं. आभाळाला भोक पडलंय तर थर्मासला वर पाठवा, तो पंक्चर काढून येईल, अशी थट्टा चालायची.

पोरगी सुट्टीला आली तेव्हा जेवताना म्हणाली, बाबा, तो गॅस सोडू नका. तो हसला. जड गॅस वर कसा जाईल? तिने समजावलं. तो म्हणाला, तू वाचलंयस, मी हाताळलंय. त्या दिवशी भांडण झालं नाही. वहिनींनी दोघांना वाढलं आणि विषय तिथेच राहिला.

पुढे गावच्या सभागृहात या वादावर जाहीर सभा ठरली. एका बाजूला विद्यापीठाचे प्राध्यापक आणि त्यांच्याबरोबर दादाची लेक. दुसऱ्या बाजूला गॅस विकणारा एजंट. एजंटला कुणीतरी दादाचं सांगितलं होतं. तो वर्कशॉपमध्ये आला, दादाला साहेब म्हणाला, आणि आपल्या बाजूने प्रयोग करून दाखवायला सांगितलं. लेक समोर असणार हे दादाला ठाऊक होतं. तरी हो म्हणाला. मला वाटतं, तिने आपला हात चालताना बघावा, एवढीच त्याची इच्छा होती.

त्याने सभागृहातले पंखे बंद करायला लावले. काचेच्या मोठ्या टाकीत एक मेणबत्ती तळाशी आणि एक उंच दांडीवर लावली. नळीने हळूच गॅस सोडला. तळची मेणबत्ती विझली. वरची जळत राहिली.

"दिसलं?" दादा म्हणाला. "आता सांगा, हा आभाळात कसा जातो?"

टाळ्या पडल्या. मग लेक उभी राहिली.

"बाबा, तुम्ही पंखे बंद केलेत. बाहेरचा वारा कोण बंद करणार? हा गॅस वर्षानुवर्षं टिकतो. वारा ढवळत ढवळत नेतो त्याला वर."

मागून कुणीतरी ओरडलं, बापाच्या पैशावर शिकली आणि बापालाच शिकवते. सभागृह हसलं. दादाने एक हात वर केला असता तर लोक गप्प झाले असते. त्याने हात वर केला नाही.

"याच गॅसवर शिकलीस तू," तो म्हणाला. "लाज वाटू दे."

हसू आणखी वाढलं. ती खाली बसली नाही. मधल्या वाटेने बाहेर निघून गेली.

नंतर ती परदेशात नोकरीला गेली. फोन यायचा तो आईला. दादा शेजारी वर्तमानपत्र धरून बसायचा आणि पान उलटायचा नाही. बाबा बरे आहेत का, असं ती आईला विचारायची. वहिनी सांगायच्या, बरे आहेत, इथेच आहेत. त्यापुढे कुणी जायचं नाही.

मग एका शीतगृहातलं काम आलं. फळांच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या. गॅस गळत होता आणि मालक पंखे बंद करू देईना. माल खराब होईल म्हणाला. दादा चिडला, पण दिवा पेटवून आत शिरला. जमिनीलगत ज्योत हिरवी झाली. ते बरोबरच होतं. मग वरचे जोड बघायला तो शिडी चढला. शिडी मी धरली होती. छताजवळ, जोडापासून लांब, नुसत्या हवेत नळी धरली होती त्याने. ज्योत हिरवीगार. कोपऱ्यात नेली, तिथेही तशीच.

तो उतरला आणि एका पेटीवर बसला.

"आपण नेहमी पंखा बंद करायचो," एवढंच म्हणाला.

काम मात्र पुरं केलं. गळती खालच्याच जोडात होती.

त्यानंतर त्याने गॅस हवेत सोडला नाही. जुन्या कॉम्प्रेसरला नळ्या जोडून एक यंत्र केलं आणि फ्रीजमधला गॅस परत टाकीत भरायला लागला. वेळ दुप्पट लागायचा, मजुरी तीच. गिऱ्हाईकं वैतागायची. गॅस घरी नेऊन ताटात वाढणार का, असं वर्कशॉपमध्ये विचारायचे. तो नळ्या जोडत राहायचा. कामं कमी झाली. पुढे वाद मिटला, तो गॅस बंद झाला, आणि तोच एजंट त्याच हसऱ्या तोंडाने नवा गॅस घेऊन आमच्या दारात आला. दादाने त्याला चहाही विचारला नाही.

मी म्हटलं, दादा, पोरीला फोनवर सांगून टाक.

"तोंडावर बोललो होतो, चारचौघांत," तो म्हणाला. "माघार फोनवर घेऊ?"

तिकडे जायचं त्याने ठरवलं. वय झालं होतं, तरी पुन्हा पहाटेची कामं धरली. पासपोर्ट काढला. फोटोत तो लग्नाला निघालेला दिसतो म्हणून मी चिडवलं, तेव्हा कितीतरी दिवसांनी हसला. तिकिटाचे पैसे वहिनींकडे साठत गेले. पण त्याचा श्वास अपुरा पडायला लागला होता. कॉम्प्रेसर खांद्यावर घेऊन जिन्यात मधेच टेकायचा, आणि टेकला की माझ्याकडे रागाने बघायचा. डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं. तो म्हणाला, थोडं बरं वाटलं की निघतो. बरं वाटलं नाही. एका दुपारी झोपेतच गेला.

लेक पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती त्याच्या रिकाम्या खाटेवर बसली. मी तिला शीतगृहातलं सांगितलं. छताजवळची ज्योत, पेटीवर बसणं, तो काय म्हणाला ते. 

"कधीची गोष्ट ही, काका?"

मी सांगितलं.

"इतकी वर्षं," ती म्हणाली. "फोनवर त्यांचा खोकला ऐकू यायचा मला. वाटायचं, आता आईच्या हातातून घेतील. मीही मागितला नाही."

वहिनी दारात उभ्या होत्या.  दादाने स्वतःसाठी साठवलेल्या पैशांतूनच त्यांनी लेकीचं यायचं तिकीट काढलं होतं. परत जायचंही त्यातच निघालं.