किशोरीच्या वेदनेला मिळालेले गुण

माझी मुलगी किशोरी बांद्याजवळच्या एका वाडीत काजूची कलमं बांधते. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली, पण नोकरीच्या वाटेला गेली नाही. सासरच्या अंगणात हिरवी जाळी ताणून तिने स्वतःची रोपवाटिका काढली. रोपाचा शेंडा उडवायचा, तिथे चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. हे सगळं उकिडवं बसून. तिची कलमं जगतात, म्हणून गोव्याहूनही लोक टेम्पो घेऊन येतात. बोलायला फटकळ आणि नकला करण्यात पटाईत. सासूची, म्हणजे नर्मदाबाईंची नक्कल ती त्यांच्या तोंडावर करते आणि त्याही हसतात.

दोनेक वर्षांपूर्वी तिची कंबर धरली. मग कळ डाव्या पायात उतरू लागली. बसणं अशक्य झालं. दुसऱ्या कुणीही काम सोडलं असतं. हिने जाळीखाली चटई टाकली, कुशीवर आडवी झाली आणि आडव्यानेच कलमं बांधू लागली. गिऱ्हाइकं थबकून बघायची.

"शेषशायी आसय मी," ती त्यांना सांगायची. "पाय चेपूक लक्ष्मी तेवढी मिळूक नाय."

कुडाळच्या एका खासगी इस्पितळात दुखण्याचा खास डॉक्टर महिन्यातून एकदा येतो. त्याच्यापर्यंत पोचायचं तर आधी मोबाईलवर 'आपली वेदना जाणून घ्या' नावाचं पान भरावं लागतं. गुण भरपूर पडले तर डॉक्टर भेटणार, कमी पडले तर व्यायामाचे व्हिडिओ. म्हणजे दुखणाऱ्या माणसानेच परीक्षेला बसायचं! ही अक्कल ज्याने पाजळली त्याची कंबर आयुष्यात कधी दुखली नसणार.

त्या घरात रेंज येते ती फक्त ओट्यावर, खांबापाशी. त्यामुळे ही खासगी परीक्षा भर ओट्यावर झाली. त्या दिवशी मी तिथेच होते. माझा जावई धनेश एरवी भला माणूस, पण मोबाईलवर उमटेल ते त्याला वेदवाक्य. तो प्रश्न वाचत होता, किशोरी आत उभ्यानेच भाकऱ्या थापत होती आणि उत्तरं नर्मदाबाई देत होत्या.

"'वेदनेमुळे रोजचे काम थांबवावे लागते का?'"

"काम कशाक थांबतला?" नर्मदाबाई म्हणाल्या. "काल टेम्पो भरून दिल्यान ना तिना?"

"म्हणजे 'कधीच नाही'." धनेशने बोट टेकवलं. "'दिवसा आडवे पडून विश्रांती घ्यावी लागते का?'"

नर्मदाबाईंना हसूच आलं. "विश्रांती खंयची रे? आडवी पडता ती काम करूक."

"'कधीच नाही'."

"अहो, बसवत नाही म्हणूनच ती आडवी होते ना?" मी म्हटलं.

"आई, तसो पर्यायच नाय हय," धनेश म्हणाला. पर्याय नाही म्हणजे प्रश्न मिटला. "'व्हॅक्युम क्लीनर ओढताना त्रास होतो का?'"

"ता काय?"

"केर काढूचा मशीन, आये."

"आपल्याकडे नाय मां ता. मगे त्रास कसो होतलो?"

पुन्हा 'कधीच नाही'. शेवटी वेदनेला शून्य ते दहामधला आकडा द्यायचा होता.

"दहा म्हणजे किती रे?" किशोरीने आतून विचारलं.

"'कल्पनेतील सर्वात भयंकर वेदना' असा लिवलाहा."

तवा खाली उतरवल्याचा आवाज आला. "पलीकडची शेवंतीकाकी कढत पाण्यान भाजली तेव्हा तिचा दहा होता. तिच्या शेजारी ऱ्हावान माजा कशाक वाढवून सांगू? चार घाल."

पडद्यावर हिरवा हसरा चेहरा उगवला. अभिनंदन! आपली वेदना सौम्य गटात मोडते. खाली सल्ला होता, सायंकाळी उद्यानात फेरफटका मारा आणि सुगंधी मेणबत्ती लावून दीर्घ श्वास घ्या. वाडीत उद्यान कुठलं हे त्या चेहऱ्याला विचारायची सोय नव्हती. धनेशने तो चेहरा घरच्या ग्रुपवर टाकला. ठाण्याहून त्याच्या बहिणीने, सोनलने, टाळ्या वाजवणारे हात पाठवले.

"बघ गो, मोबाईलान सांगल्यान," नर्मदाबाई सुनेला म्हणाल्या. "उगाच घाबरत होतंस." विहिरीवरच्या कळशा इतके दिवस धनेश आणत होता. दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा किशोरीच्या कमरेवर आल्या.

पुढे दर महिन्याला ते पान भरलं गेलं आणि गुण उतरत गेले. पाय आता तेवढा दुखत नाही, असं किशोरीच म्हणायची. हिरव्या चेहऱ्याभोवती आता फुलंही उमलू लागली. मालवणात माझ्या घरी बसून मी ग्रुपवर ती फुलं बघायची. काहीही औषध न घेता दुखणं आपणहून कसं जातं?

मे महिन्यात मी तिच्याकडे गेले. जाळीखालून घराकडे ती माझ्या पुढे चालली होती. डाव्या पायातली चप्पल मागे राहिली आणि ही तशीच अनवाणी खडीवरून पुढे.

"किशोरी, चप्पल गो!"

तिने वळून चपलेकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे. "पडली काय? कळला नाय माका."

मी तिला पायरीवर बसवलं, डोळे मिटायला लावले, चिमटा काढते म्हटलं आणि डाव्या अंगठ्याला नखाने करकचून काढला.

"आई, काढ ना चिमटो. किती वेळ?"

माझा काढून झाला होता.

पाय बरा होत नव्हता, मरत होता. ते पान फक्त दुखतं का विचारत होतं आणि मरणाऱ्या पायाला फुलं वाहत होतं. धनेशला न विचारता मी रिक्षा बोलावली. नशिबाने कुडाळला डॉक्टर यायचा तोच दिवस होता.

काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "मॅडम, पेशंटचा स्कोअर दोन आहे. एवढ्यावर अपॉइंटमेंट मिळत नाही."

"तिचा पाय बधिर झालाय."

"तो प्रश्न सिस्टममध्ये नाहीये."

"मग मेलेल्या माणसालाही तुमची सिस्टम शून्य देईल. वर अभिनंदन करील."

"मॅडम, आवाज कमी करा."

"नाही करणार."

"आई, चल गो," किशोरी माझा पदर ओढू लागली. "लोक बघतत."

त्या लोकांत डॉक्टरही होता, आवाज ऐकून दारात आलेला. त्याने किशोरीला टाचांवर चालायला सांगितलं. उजवं पाऊल वर उचललं गेलं. डावं फरशीवर फटकन आपटलं. त्याचा चेहरा उतरला.

"इतके दिवस का आला नाहीत?"

"तुम्ही अभिनंदन करत होतात," मी म्हटलं.

त्याने किशोरीला टेबलावर झोपवून पाय तपासला. मणक्यातली चकती सरकून नस दाबली गेली होती. त्याने गोव्याच्या इस्पितळाला फोन लावला आणि आजच निघा म्हणाला. पावलात जीव परत येईल का, हे तो सांगू शकला नाही.

तिथल्या सर्जन बाईंनी ऑपरेशन केलं. त्यांनी मात्र सरळ सांगितलं, "नस जागी झाली तर बहुतेक आधी टोचेल, जळेल. तसं झालं तर लगेच सांगा, मला आनंदच होईल." त्यानंतर किशोरीचं पाऊल चादरीखाली तसंच पडून राहिलं आणि मी त्याच्याकडे बघत बसले. नर्मदाबाई धनेशबरोबर एस्टीने पेजेचा डबा घेऊन आल्या.

"आमका काय ठावक विहीणबाई, मोबाईल खोटा सांगता म्हणान."

"मोबाईलला तुम्ही जे सांगितलं तेच त्याने तुम्हाला सांगितलं," मी म्हटलं. त्या डबा उघडायच्या थांबल्या. थांबू देत.

त्याच दुपारी किशोरी एकदम ओरडली, "आई गो! अंगठ्यात सुयो टोचतत! आग होता!"

धनेश ताडकन उठला. "दुखता? म्हणजे ऑपरेशन फुकट गेला?" त्याने चादर ओढली आणि पाय चोळायला हात पुढे केला.

"हात लावू नको," किशोरी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. "दुखांदे रे. दुखांदे."

मी सर्जन बाईंना बोलवायला धावले.